वाचक विचारतात : वडिलांसाठी मुलांच्या हातची भेट

जून महिन्याचा तिसरा रविवार ‘फादर्स डे’ म्हणून पाळण्याची पद्धत आपल्याकडे अलीकडची असली, तरी आता ती शाळांपर्यंत आणि खेड्यांतील घरांपर्यंत पोहोचली आहे, आणि त्यामुळे मे संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय पुनःपुन्हा दिसू लागतो. कार्यानुभव हा विषय मी अनेक वर्षे शिकवला असल्याने ही पत्रे मला विशेष जवळची वाटतात. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे निवडली आहेत आणि छपाईच्या सोयीसाठी ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. वडिलांसाठी काय करता येईल म्हणून मोबाईलवर शोधले, तर कागदी टाय, रंगवलेला कॉफीचा मग आणि गोल्फच्या चेंडूचे पेपरवेट यांखेरीज फारसे काही मिळाले नाही. माझे यजमान वायरिंगची कामे करतात. त्यांनी लग्नातसुद्धा टाय लावला नव्हता. विकतचे साहित्य न आणता मुलाला काय करता येईल?
— एक आई, नाशिक

आपण पत्रात सहज म्हणून लिहिलेल्या एका वाक्यातच उत्तर आहे असे मला वाटते. यजमानांच्या सदऱ्याच्या खिशात सामानाच्या याद्या लिहिलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या भरलेल्या असतात आणि कपडे धुताना त्या भिजून लगदा होतात, असे आपण लिहिले आहे. ज्या माणसाच्या खिशात रोज चिठ्ठ्या असतात, त्याला एक लहान शिवलेली वही द्यावी. भेट कोणती करावी हे ठरवण्यापूर्वी मुलाने एक दिवस वडिलांच्या मागे मागे फिरून त्यांच्या हातात दिवसभरात काय काय येते ते पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण सात वर्षांच्या मुलाला पैसे खर्च करता येत नसले तरी निरीक्षण उत्तम करता येते.

वही शिवणे आपल्या घरांना नवे नाही. वार्षिक परीक्षा संपली की जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून त्यांची रफ वही शिवायची, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केलेले आहे. तेच येथे लहान आकारात करायचे आहे. जुन्या वहीच्या मधोमध असलेल्या पिना काढल्या की जोडपाने सुटी होतात. अशी आठ कोरी जोडपाने घेऊन ती १८ सेंटीमीटर रुंद आणि १३ सेंटीमीटर उंच कापावीत. मधोमध घडी घातली की ९ बाय १३ सेंटीमीटरची, सदऱ्याच्या खिशात बसणारी, ३२ पृष्ठांची वही तयार होते. प्रत्येक पानाची घडी मुलाला चमच्याच्या पाठीने दाबू द्यावी, म्हणजे ती धारदार बसते. बाहेरून वेष्टन म्हणून लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे पान पुरते.

शिवणीसाठी घडीच्या रेषेवर तीन भोके लागतात: एक बरोबर मध्यावर आणि उरलेली दोन वरच्या व खालच्या कडेपासून प्रत्येकी अडीच सेंटीमीटर आत. हे काम वर्तमानपत्राच्या जाड घडीवर वही उघडी ठेवून दाभणाने करावे लागते; ते मोठ्या माणसाने करावे. पुढचे सगळे मुलाचे. वहीच्या उंचीच्या अडीचपट लांब असा जाड दोरा घेऊन तो मेणबत्तीवरून दोनदा ओढावा, म्हणजे गुंतत नाही. गोधडीच्या बोथट सुईत तो ओवून मधल्या भोकातून आतून बाहेर काढावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढावा आणि परत मधल्या भोकातून आत आणावा. आता दोऱ्याची दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील. तो टाका मध्ये धरून घट्ट गाठ मारली की वही पक्की झाली. सात वर्षांचे मूल हे दोन प्रयत्नांत शिकते. पहिला प्रयत्न टाकाऊ कागदावर करू द्यावा.

येथे डिंकाऐवजी दोरा सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. हा रविवार नेमका पावसाच्या तोंडावर येतो, हवा दमट झालेली असते, चिकटवलेले दोन दोन दिवस वाळत नाही, वाळले तरी कागदाला पोक येतो, आणि मूल हिरमुसते. परदेशी सूचनांत ‘तासभर वाळू द्या’ असे लिहिलेले असते, पण तो तास आपल्याकडच्या जूनमधला नसतो.

एक विनंती मात्र आवर्जून करते. पाने किंचित तिरकी बसली, दोरा सैल राहिला, तरी रात्री मूल झोपल्यावर आपण ती वही उसवून नीट करू नये. मुलाला ते सकाळी कळते, आणि आपले काम आईला पटले नाही हेही कळते.

प्रश्न : मी पाचवीत शिकते. आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. अण्णा सध्या दिवसभर शेतात असतात आणि पेरणीच्या काळजीत असतात. त्यांना शोभेच्या वस्तूंची आवड नाही. मला त्यांच्यासाठी स्वतः काहीतरी करायचे आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

बाळा, तुझे पत्र मी दोनदा वाचले. तुझ्या अण्णांची काळजी कशाची आहे हे तुला ठाऊक आहे: पाऊस पुरेसा झाला की नाही, आणि आज पेरले तर दुबार पेरणीची पाळी येणार नाही ना. म्हणून तू त्यांना पर्जन्यमापक करून दे. हे यंत्र शाळेच्या पुस्तकात असते त्यापेक्षा सोपे असते आणि तुझ्या घरी लागणारे सगळे साहित्य बहुधा आजच मिळेल.

शीतपेयाची दोन लिटरची रिकामी, पारदर्शक बाटली घे. पाण्याच्या बाटल्यांवर वळ्या असतात, त्या चालणार नाहीत. मधला भाग सरळ आणि गुळगुळीत असलेलीच बाटली हवी. बाटलीचा वरचा निमुळता भाग जिथे संपतो आणि सरळ भाग सुरू होतो, तिथे गोल रेघ मार आणि त्या रेघेवर घरातील मोठ्या माणसाकडून बाटली कापून घे. कापलेला वरचा भाग, झाकण काढून, उलटा करून खालच्या भागात बसव. ते झाले नरसाळे. त्यामुळे पाऊस आत पडतो, पण ऊन आणि वारा पाणी लवकर उडवून नेऊ शकत नाहीत. दोन्ही कडा चिकटपट्टीने जोड.

आता बाटलीच्या तळाकडे पाहा. तो सपाट नसतो, त्याला पाच खोलगट पाय असतात, त्यामुळे तिथे मापन चुकते. यावर उपाय असा की तळाशी धुतलेले बारीक खडे टाकायचे आणि सरळ भाग जिथे सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचे. खडे पाण्याखाली पूर्ण बुडाले पाहिजेत. त्या पाण्याच्या पातळीवर रेघ मार. ती तुझी शून्याची रेघ. खड्यांच्या वजनाने बाटली वाऱ्याने पडणारही नाही. तिथून वर, पट्टीने मोजून, कागदाच्या अरुंद पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा कर, दर दहाव्या खुणेला आकडा लिही, आणि ती पट्टी बाटलीला लावून तिच्यावरून पारदर्शक चिकटपट्टी दोन पदरी लाव, म्हणजे शाई पावसात उतरणार नाही.

तुला वाटेल की बाटली लहान असेल तर पाऊस कमी दिसेल. तसे होत नाही, कारण पाऊस झेलणारे तोंड आणि पाणी साठवणारी बाटली यांची रुंदी एकच आहे. मापन बरोबर आहे का हे तुला तपासताही येईल. बाटलीचा आतला व्यास ११ सेंटीमीटर असेल, तर तिच्यात ९५ मिलिलिटर पाणी ओतल्यावर पातळी १० मिलिमीटरने वाढली पाहिजे. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाने हे करून पाहा, आणि ही पडताळणी आपल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखव.

बाटली उघड्यावर ठेव. झाड किंवा घर जितके उंच असेल त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडून ती ठेवावी, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस अडतो. चार विटांच्या मध्ये ती घट्ट बसव. रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा वाच, कारण आपल्या हवामान खात्याची नोंदसुद्धा सकाळी साडेआठलाच होते, आणि मग तुझा आकडा तालुक्याच्या आकड्याशेजारी ठेवून पाहता येतो. वाचताना डोळे पाण्याच्या पातळीच्या समोर आण. वाचून झाले की शून्याच्या रेघेपर्यंत पाणी ठेवून बाकीचे ओतून दे. ऊन पडून पाणी रेघेखाली गेले असेल तर तेवढी भर घाल.

याचा अण्णांना काय उपयोग, तेही सांगते. पेरणीयोग्य म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. परंतु बातमीतला पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजलेला असतो, आणि एका शिवारात पडतो तो पलीकडच्या शिवारात पडत नाही, हे तुझ्या अण्णांनी आयुष्यभर पाहिलेले आहे. तुझ्या बाटलीतला आकडा तुमच्याच रानाचा असेल. मृग निघाल्यापासून रोजचा पाऊस एका वहीत लिहून त्याची बेरीज करत जा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले; तुमच्या सात एकरांवर किती, हा हिशेब तू कर आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही.

एक गोष्ट लक्षात ठेव. वाफसा, म्हणजे मातीत पेरणीजोगा ओलावा, आला की नाही हे अण्णा मूठभर माती हातात दाबून ओळखतात, आणि ते ज्ञान कोणत्याही बाटलीत नाही. ती माती कशी ओळखायची हे तू त्यांना विचार, आणि तुझ्या वहीत आकड्याशेजारी त्यांचे मतही लिहीत जा.

प्रश्न : माझे पती दुबईला नोकरीस आहेत आणि गणपतीशिवाय त्यांना येता येत नाही. शेजारचे एक गृहस्थ जूनमध्ये तिकडे जाणार आहेत; ते अर्धा किलोपर्यंत सामान नेतील. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातचे काय पाठवावे?
— एक गृहिणी, रत्नागिरी

अर्ध्या किलोत दोन वस्तू बसतील, आणि त्यांतील पहिली जवळजवळ वजनाचीच नाही. मुलीने एका मोठ्या कागदावर आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढावा. मागच्या गणपतीनंतर जे जे बदलले ते सगळे त्यात यावे: कोणाच्या परसातला फणस पडला, पऱ्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) नवा झाला का, कोणाच्या अंगणात चिऱ्यांची नवी गडगी उभी राहिली, कुठल्या वळणावर कुत्रीने पिल्ले घातली. दूर राहणाऱ्या माणसाच्या मनातले गाव तो निघाला त्या दिवशीचे असते, आणि पुढे सुट्टीवर आल्यावर त्याला आपल्याच वाटेवर परकेपणा वाटतो, असे परदेशी राहिलेल्या अनेकांकडून मी ऐकले आहे. फोनवर दर रात्री बोलणे होते, पण साकवाचा विषय फोनवर निघत नाही. मुलीने नकाशा काढताना अंतर पावलांनी मोजावे आणि तेच आकडे लिहावेत. कागद घडी घालून पाठवायचा असल्याने खडूचे रंग वापरू नयेत, ते घडीत एकमेकांना लागतात. रंगीत पेन्सिली बऱ्या.

दुसरी वस्तू म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. बडीशेप १०० ग्रॅम, पांढरे तीळ ५० ग्रॅम आणि धणाडाळ २५ ग्रॅम घ्यावी. बडीशेप व तिळांना एका लिंबाचा रस, पाऊण चमचा मीठ आणि चिमूटभर हळद चोळून अर्धा तास झाकून ठेवावे. हे चोळण्याचे काम मुलीचे. मग आपण शेजारी उभे राहून तिला मंद आचेवर ते परतू द्यावे. तीळ तडतडू लागले की उतरवावे, धणाडाळ मिसळावी आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे, नाहीतर झाकणाला पाणी धरते आणि सगळे मऊ पडते.

दोन पदार्थ मात्र यात घालू नयेत. खसखस अजिबात नको, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे आणि चिमूटभर सापडली तरी नेणाऱ्या गृहस्थांवर मोठे संकट येऊ शकते. सुपारीही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले आहे, आणि मुलाच्या हातून वडिलांना देण्याची ती वस्तू नव्हे. डब्यात काय आहे याची चिठ्ठी वर चिकटवावी आणि नेणाऱ्यांना डबा उघडून दाखवून मगच द्यावा.

प्रश्न : मी पालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वडिलांसाठी भेटकार्ड करून घेण्याचा उपक्रम शाळेने ठरवला आहे. माझ्या वर्गातील तीन मुलांना वडील नाहीत आणि एकाचे वडील घर सोडून गेले आहेत. उपक्रम टाळावा का?
— एक शिक्षिका, ठाणे

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी संपूर्ण वर्गाला वडिलांसाठी कार्ड करायला लावले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा तासभर कोरा कागद पुढे घेऊन बसला होता, आणि आळस समजून मी त्याला सर्वांदेखत बोलले. त्याचे वडील आदल्या दिवाळीत गेले होते. तो मला काहीच म्हणाला नाही. तास संपल्यावर त्याने तो कागद नीट घडी घालून दप्तरात ठेवला. त्या घडीची आठवण मला आजही होते.

उपक्रम टाळू नये असेच माझे मत आहे, परंतु तो वेगळ्या रीतीने मांडावा. या दिवसाचा इतिहासच आपल्याला त्यासाठी मदत करतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मोनोंगा येथील कोळशाच्या खाणीत ६ डिसेंबर १९०७ रोजी स्फोट होऊन साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले आणि शेकडो मुले पोरकी झाली. जवळच्या फेअरमाँट गावातील चर्चमध्ये ५ जुलै १९०८ रोजी वडिलांच्या सन्मानार्थ जी प्रार्थना झाली, ती त्या गेलेल्या वडिलांच्या आठवणीसाठी होती. पुढे १९ जून १९१० रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे हा दिवस पाळला गेला, तो सोनोरा स्मार्ट डॉड या स्त्रीच्या प्रयत्नांमुळे. आई बाळंतपणात वारल्यावर तिच्या वडिलांनी, विल्यम स्मार्ट यांनी, मुलांना एकट्याने वाढवले होते. म्हणजे ज्या घरांत आई आणि वडील दोघेही हजर आहेत, केवळ अशा घरांसाठी हा दिवस कधीच नव्हता. चौथीच्या मुलांना हे सोप्या शब्दांत सांगता येते.

प्रत्यक्ष वर्गात ‘वडिलांसाठी’ असे न म्हणता ‘जो माणूस तुमच्यासाठी राबतो, त्याच्यासाठी’ असे सर्व मुलांना सांगावे. आजोबा, मामा, रिक्षावाले काका, दोन्ही भूमिका पार पाडणारी आई, यांतील कोणीही चालेल. चार मुलांना वेगळे बोलावून वेगळी सूचना देऊ नये. वेगळेपणा त्यांना आधीच पुरेसा जाणवत असतो. दिवंगत वडिलांसाठीच काही करायचे असे एखादे मूल म्हणाले, तर त्याला तसे करू द्यावे. भिंतीवरच्या तसबिरीसाठी कापडाच्या फुलांचा हार करता येतो: जुन्या सुती कापडाच्या ४ सेंटीमीटर रुंद पट्ट्या एका कडेने धावदोरा घालून चुणल्या की फूल होते, आणि अशी फुले एका दोऱ्यात ओवता येतात. वडिलांच्याच सदऱ्याचे कापड घरी जपून ठेवलेले असेल, तर ते वापरायचे की नाही हे आईने आणि मुलाने मिळून ठरवावे, आपण सुचवू नये. घर सोडून गेलेल्या वडिलांच्या मुलाला मात्र काहीच विचारू नये. तो ज्याचे नाव घेईल, ते मान्य करावे.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या नातवाला वडिलांसाठी हाताने काही शिवायचे आहे. घरातील काही जण त्याला हसतात. मी त्याला शिकवू का, आणि काय शिकवू?
— एक आजी, कोल्हापूर

जरूर शिकवावे. आपल्याकडे शिंपी पुरुष, चांभार पुरुष, बैलाची झूल शिवणारेही पुरुषच. मुलाने सुई हातात घेतली तर हसण्यासारखे त्यात काही नाही, हे हसणाऱ्यांना आपणच सांगावे, कारण आजीचे म्हणणे घरात ऐकले जाते.

त्याला चष्म्याचे घर शिवायला शिकवावे. वडिलांची जुनी जाड पँट बाहेरच्या कापडासाठी आणि धोतराचे किंवा साडीचे मऊ सुती कापड अस्तरासाठी घ्यावे, म्हणजे काचांना ओरखडे येत नाहीत. दोन्ही कापडे १९ बाय २० सेंटीमीटर कापून मध्ये जुन्या टॉवेलचा एक पदर ठेवावा आणि आपण वाकळ शिवता तसा अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर धावदोरा घालत त्याला सगळे पदर एकत्र शिवू द्यावेत. मग अस्तर बाहेर येईल अशी २० सेंटीमीटरच्या बाजूची दुमड घालून एक बाजू आणि तळ पक्क्या टिपेने शिवावा, तोंडाची कड दुमडून शिवावी आणि पिशवी उलटी करावी. साधारण १७ बाय ९ सेंटीमीटरचे घर तयार होते. पँटच्या खिशाचा तुकडाच दर्शनी बाजूला घेतला, तर त्यात चष्मा पुसायचे फडके ठेवता येते. रोज संध्याकाळी अर्धा तास बसला तर आठवड्यात होईल; एका दिवसात उरकू देऊ नये, कारण थकलेल्या हाताचे टाके शेवटी लांब पडतात.

प्रश्न : माझ्या मुलीने बालवाडीत असताना केलेले कागदाचे कार्ड मी कपाटात जपून ठेवले होते. गेल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी आली आणि चिकटवलेल्या डाळींना किडे लागले. मुलगी आता आठ वर्षांची आहे आणि ‘माझे कार्ड दाखवा’ म्हणते. ते वाचवता येईल का?
— एक वडील, पनवेल

बरेचसे वाचेल. प्रथम आहे त्या स्थितीत त्याचे मोबाईलवर दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. मग ते पंख्याखाली, उन्हात न ठेवता, पूर्ण सुकू द्यावे. ओल्या फडक्याने बुरशी पुसू नये, ती कागदात आणखी मुरते. कार्ड पूर्ण सुकल्यावर घराबाहेर किंवा गच्चीत, नाकावर रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी एकाच दिशेने झटकावी. किडलेल्या डाळी काढून टाकाव्यात. त्यांच्या जागी खळीचे डाग राहतील, ते तसेच राहू द्यावेत. कागद वाकला असेल तर दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उमटते.

पुष्कळ जण अशा वेळी लॅमिनेशन करून आणतात, तेही करू नये. उष्णतेने मेणखडूचा रंग वितळतो, जाड चिकटवलेले दबून फुटते, आणि एकदा झालेले लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. पारदर्शक चिकटपट्टीही काही वर्षांत पिवळी पडून कागदावर तेलकट डाग सोडते. कार्ड बटर पेपरच्या घडीत घालून जाड कागदी पाकिटात आडवे ठेवावे, आणि ते पाकीट बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवावे. मैद्याच्या खळीवर कसर येते, म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा पाकीट उघडून पाहावे.

मुलीपासून हे लपवू नये. कार्ड खराब झाले, मी ते दुरुस्त करत आहे, तू मदत करतेस का, असे तिला विचारावे. आठ वर्षांची मुलगी ब्रश नीट धरू शकते. तिच्याही नाकावर रुमाल बांधावा. डाळी कुठे कुठे लावल्या होत्या हे तिलाच बहुधा आठवत असेल. त्या जागी आता तिने रंगीत पेन्सिलीने ठिपके काढावेत, आणि कार्डाच्या मागे, कोपऱ्यात, दोन्ही तारखा लिहाव्यात.